आपल्या रक्ताचा हिशेब मागा

रुग्णालयात ज्यांना सारे ‘मामा’ आणि ‘मावशी’ म्हणतात, पण ज्यांचे खरे नाव हजेरीपटाखेरीज कुठेच आढळत नाही, त्या तुम्हा सर्वांसाठी हे लिहितो आहे. शस्त्रक्रियागृहातील रक्ताळलेली फरशी पुसणाऱ्या भगिनींनो, डायलिसिसच्या नळ्या उचलणाऱ्या, शवागारात रात्रपाळी करणाऱ्या, धोबीखान्यात चादरीच्या घडीत राहिलेली सुई बोटात घुसली तरी ते बोट फडक्यात गुंडाळून पुन्हा कामाला लागणाऱ्या बंधूंनो, घंटागाडीमागे धावणाऱ्या, ड्रेनेजच्या चेंबरपाशी राबणाऱ्या, कचऱ्याच्या ढिगातून काच-पत्रा वेचणाऱ्या कष्टकऱ्यांनो, शहराचे आरोग्य तुमच्या खांद्यावर उभे आहे. आणि तुमचे आरोग्य? ते कुणाच्या खांद्यावर?

तुमच्यापैकी किती जणांना कामावर घेताना यकृताला ग्रासणाऱ्या हिपॅटायटिस बी या विषाणूविरुद्धची लस टोचली गेली? ज्यांना पहिली टोचली, त्यांपैकी किती जणांना दुसरी आणि तिसरी मिळाली? तिन्ही मिळालेल्यांपैकी किती जणांच्या हाती तो कागद आहे, ज्यावर लशीने रक्तात संरक्षण निर्माण केले की नाही याचा आकडा लिहिलेला असतो? किती हात वर येतील हे तुम्ही जाणता, मी जाणतो आणि ज्यांच्या सहीने तुमचा पगार निघतो तेही जाणतात.

हे कुणाच्या औदार्याकडे पदर पसरून मागायचे दान नाही. मार्च 2016 मध्ये लागू झालेल्या जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियमांनी रुग्णालय चालवणाऱ्यावर निःसंदिग्ध जबाबदारी टाकली आहे. हा कचरा हाताळणाऱ्या सर्वांना हिपॅटायटिस बी आणि धनुर्वात यांसारख्या रोगांविरुद्ध लस द्यायची, कामावर घेताना आणि नंतर वर्षातून किमान एकदा त्यांची आरोग्य तपासणी करायची, तिच्या नोंदी ठेवायच्या, हातमोजे, बूट, मास्क पुरवायचे. कायम आणि कंत्राटी असा भेद नियमाने केलेला नाही. कचरा नेऊन जाळणाऱ्या, त्याची विल्हेवाट लावणाऱ्या प्रकल्पांतील कामगारांनाही हाच हक्क दिलेला आहे. नियम कागदावर आहे, तुमचे हात कचऱ्यात आहेत आणि या दोहोंच्या मध्ये कंत्राटदाराचे कार्यालय आहे.

त्या कार्यालयाचे पंचांग लशीच्या पंचांगाशी कधीच जुळत नाही. लस शून्य, एक आणि सहा महिने अशा अंतराने तीनदा घ्यायची असते. कंत्राट मात्र मध्येच संपते, नवी कंपनी येते, गणवेशाचा रंग बदलतो, छातीवरचा बिल्ला बदलतो; माणूस तोच, झाडू तोच, वॉर्ड तोच, पण कागदोपत्री तो ‘नवा’ कामगार! जुना कंत्राटदार म्हणतो, तिसरा डोस माझ्या मुदतीत येत नव्हता. नवा म्हणतो, पहिले दोन मी दिलेच नाहीत. या टोलवाटोलवीत अर्धवट संरक्षण घेऊन माणूस वर्षानुवर्षे मृत्यूच्या दाराशी झाडू मारतो. इथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा, कारण ती तुम्हाला कुणी सांगत नाही: डोस चुकला म्हणून पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. राहिलेल्या डोसपासून पुढे जाता येते, मग मध्ये कितीही काळ गेलेला असो. ‘आता उशीर झाला’ हे उत्तर कुणी दिले तर ते स्वीकारू नका.

धोका किती मोठा आहे? लस न घेतलेल्या माणसाला हिपॅटायटिस बी असलेल्या रुग्णाच्या रक्ताने माखलेली सुई टोचली, तर लागण होण्याची शक्यता 30 टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. हिपॅटायटिस सीच्या बाबतीत ती 2 टक्क्यांपेक्षा कमी आणि एचआयव्हीच्या बाबतीत हजारात तीन. एचआयव्हीच्या नावाने आपल्या काळजाचा ठोका चुकतो, तो चुकावाच. पण त्याहून कित्येक पटींनी सहज शिरणारा हा विषाणू मात्र आपल्या बोलण्यातही येत नाही. सुकलेल्या रक्ताच्या डागात तो किमान सात दिवस जिवंत राहतो. सोमवारी फेकलेली सुई पुढच्या रविवारी ढिगाऱ्यावर एखाद्या मुलाच्या तळपायात घुसते, तेव्हाही तो तिच्यात वाट पाहत असू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे 2022 साली भारतात सुमारे 2 कोटी 98 लाख लोक हिपॅटायटिस बीसह जगत होते आणि त्यांतील बहुतेकांना याची कल्पनाही नव्हती. म्हणजे ज्या रक्ताला तुमचा हात लागतो, त्याच्या मालकालाही बऱ्याचदा ठाऊक नसते की आपण काय वाहून नेत आहोत.

2009 सालचे मोडासा आठवा. गुजरातच्या साबरकांठा भागातील त्या गावात हिपॅटायटिस बीची भीषण साथ उसळली, अनेकांचा बळी गेला, आणि तिच्या मुळाशी होत्या वापरलेल्या सुया आणि सिरिंज, ज्या कचऱ्यातून फिरून पुन्हा माणसांच्या दंडात घुसत होत्या. कचरा नीट हाताळणे हे ‘खालच्या’ दर्जाचे काम आहे असे मानणाऱ्या समाजाला तो विचारलेला जाब होता. पण समाजाने तो ऐकला काय?

आता मुख्य गोष्टीकडे येतो. हक्क मागायचा तर ज्ञान हवे, कारण अज्ञानी माणसाच्या हातात हक्काचा कागद दिला तरी तो त्याच्याविरुद्धच वापरला जातो. रक्ततपासणीचा अहवाल येतो, इंग्रजीत येतो, घाईघाईने येतो. त्यावर एका ओळीसमोर ‘पॉझिटिव्ह’ असे छापलेले दिसते आणि मुकादम म्हणतो, उद्यापासून येऊ नकोस. कुठल्या ओळीसमोर, हे त्याने पाहिलेले नसते. तुम्ही पाहायचे आहे! कारण एका ओळीसमोर तोच शब्द रोग सांगतो, तर दुसऱ्या ओळीसमोर तो अभेद्य संरक्षणाची ग्वाही देतो.

हिपॅटायटिस बीच्या अहवालात तीन ओळी शोधा. पहिली, एचबीएसएजी. हे विषाणूच्या बाह्य आवरणाचे प्रथिन. ते सापडले तर विषाणू आज, या क्षणी शरीरात आहे असे समजायचे. सहा महिन्यांहून अधिक काळ सापडत राहिले तर संसर्ग जुनाट झाला. दुसरी, अँटी-एचबीएस. ही त्या आवरणाविरुद्ध तुमच्याच शरीराने घडवलेली प्रतिपिंडे, रक्तातील शस्त्रसज्ज पहारा. ही आढळली तर आनंद माना, कारण हाच संरक्षणाचा पुरावा. तिसरी, अँटी-एचबीसी. ही विषाणूच्या गाभ्याविरुद्धची प्रतिपिंडे. ती रक्षण करीत नाहीत, केवळ साक्ष देतात की हा विषाणू कधीतरी खरोखर या देहात शिरला होता.

या तीन ओळी एकत्र वाचल्या की माणसाचा सारा इतिहास उलगडतो. लशीत विषाणूचा गाभा नसतोच. यीस्टच्या पेशींत तयार केलेले नुसते आवरणाचे प्रथिन असते, म्हणून लशीने रोग होणे अशक्य. त्यामुळे ज्याचे रक्षण लशीने केले, त्याच्या रक्तात दुसरी ओळ उमटते, तिसरी उमटत नाही. ज्याला रोग होऊन गेला आणि ज्याच्या शरीराने विषाणूवर मात केली, त्याच्यात दुसरी आणि तिसरी दोन्ही दिसतात. तोही सुरक्षित, पण पुढे कधी कर्करोगाची औषधे किंवा प्रतिकारशक्ती दाबणारे उपचार घ्यायची वेळ आली तर डॉक्टरांना हे आधी सांगायला हवे, कारण यकृतात निद्रिस्त असलेला विषाणू तेव्हा जागा होऊ शकतो. पहिली आणि तिसरी दिसली, दुसरी नाही, तर विषाणू आत आहे आणि उपचारांचा विचार हवा. नुसती तिसरी दिसली तर तर्क करत बसू नका, डॉक्टरांकडून पुढची तपासणी करून घ्या. आणि तिन्ही ओळी रिकाम्या असतील तर? आपल्या गावंढळ समाधानाप्रमाणे ‘सगळं निगेटिव्ह, काही नाही झालं’ असे म्हणून कागद खिशात घालू नका. तिन्ही रिकाम्या म्हणजे तुम्ही निःशस्त्र आहात. निरोगी, पण निःशस्त्र! ज्याच्या कामातच सुई आहे त्याला हा निकाल सर्वांत आधी हलवून जागा करणारा असला पाहिजे.

आणखी एक बारकावा. लस टोचल्यानंतर काही दिवस तिच्यातलेच आवरणाचे प्रथिन रक्तात सापडू शकते, आणि त्या दिवसांत केलेली तपासणी पहिल्या ओळीत खोटाच डाग लावू शकते. आधी रक्त द्या, मग दंड पुढे करा. हा क्रम उलटा झाल्याने कुणाची रोजी जाऊ नये.

दुसऱ्या ओळीसमोर एक आकडा असतो. तोच तो टायटर. तिसऱ्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी ही तपासणी करायची आणि आकडा 10 किंवा त्याहून अधिक आला तर शरीराने लशीला प्रतिसाद दिला असे समजायचे. पुढे वर्षे सरतात, आकडा घसरतो, कधी 10 च्या खालीही जातो, आणि लोक घाबरतात. निरोगी माणसाने घाबरण्याचे कारण नाही. एकदा पोहायला शिकलेला माणूस वीस वर्षांनी विहिरीत पडला तरी हातपाय मारतोच. तसेच शरीराची स्मृती विषाणू दिसताच पुन्हा प्रतिपिंडे घडवू लागते, आणि ही स्मृती निदान 30 वर्षे टिकते असे दीर्घ पाहणीतून दिसून आले आहे. पण हे सारे त्याच्यासाठी, ज्याचा आकडा एकदा तरी 10 च्या वर गेल्याची लेखी नोंद आहे. नोंद नसेल तर आजचा खाली आलेला आकडा स्मृती विझल्याचा की ती कधी पेटलीच नव्हती, हे कोण सांगणार? म्हणून तो कागद हवा. पहिल्या टायटरचा कागद हा तुमच्या नोकरीच्या कागदपत्रांत आधार कार्डाइतकाच जपून ठेवण्याजोगा आहे.

शंभरातल्या पाच-दहा प्रौढांच्या शरीरात तीन डोस घेऊनही पुरेशी प्रतिपिंडे तयार होत नाहीत. हा त्यांचा दोष नाही. त्यांना पुन्हा तीन डोस द्यायचे, पुन्हा तपासायचे. तरीही प्रतिसाद आला नाही, तर त्यांना ते स्पष्ट सांगायचे. कारण अशा माणसाला सुई टोचली तर त्याचा भरवसा एचबीआयजी या इंजेक्शनवर, म्हणजे तयार प्रतिपिंडांवरच असतो. जे लशीनंतर कधी तपासलेच गेले नाहीत, त्यांना आपण यांच्यात आहोत की नाही हे कळणार कसे? तीन टोचण्या देऊन हात झटकणारी व्यवस्था या माणसांना खोट्या निर्भयतेत कामाला जुंपते, आणि मी तिला फसवणूकच म्हणतो.

खर्चाची सबब पुढे येईल. तिला इतिहासाचे उत्तर द्या. अमेरिकी शास्त्रज्ञ बारूक ब्लुमबर्ग यांना 1960 च्या दशकात ऑस्ट्रेलियातील एका आदिवासी माणसाच्या रक्तात हे आवरणाचे प्रथिन प्रथम सापडले. 1976 साली त्यांना नोबेल मिळाले, 1981 साली अमेरिकेत पहिल्या लशीला परवानगी मिळाली. भारतात मात्र ती परदेशी लस श्रीमंतांच्या दंडापलीकडे जात नव्हती. 1997 साली हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने देशी पुनःसंयोजित लस बाजारात आणली आणि भाव कोसळले. 2011 पासून ती देशभरातील बालकांच्या सार्वत्रिक लसीकरणात सामील झाली. 28 जुलै 2018 रोजी, ब्लुमबर्ग यांच्या जन्मदिनी पाळल्या जाणाऱ्या जागतिक हिपॅटायटिस दिनी, केंद्राने राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. त्यात बी आणि सी यांची मोफत तपासणी व औषधोपचार आहेत आणि आरोग्यसेवकांच्या लसीकरणाचीही तरतूद आहे. एका आदिवासीच्या रक्तातून जगाला मिळालेले हे ज्ञान, गोरगरिबांच्या करातून चालणाऱ्या सरकारने विकत घेतलेली ही लस, आणि तिच्यासाठी थांबायचे कुणी? तर ज्याच्या हाताला रोज रक्त लागते त्याने! आज ज्यांच्या हाती झाडू आहे त्यांतील बहुसंख्यांचा जन्म 2011 च्या आधीचा. बालपणी त्यांच्यासाठी ही लस नव्हती, मोठेपणी ती त्यांच्यापर्यंत येत नाही. मधल्या मध्ये राहिलेली ही एक अख्खी श्रमिक पिढी आहे.

प्रतिपिंडे आढळली म्हणजे संरक्षण आहेच, असा समज मात्र करून घेऊ नका. हिपॅटायटिस सी या नियमाला पूर्णपणे धुडकावतो. त्याची प्रतिपिंडे रक्तात सापडली तर अर्थ एवढाच की विषाणूशी गाठ पडली होती. काही जणांचे शरीर त्याला स्वतःहून हुसकावून लावते, बहुतेकांत तो ठाण मांडून बसतो. कोणते घडले हे रक्तात खुद्द विषाणू शोधणारी आरएनए तपासणीच सांगते. औषधांनी बरा झालेल्याच्या रक्तातही ती प्रतिपिंडे राहतात, आणि ती असूनही पुन्हा लागण होऊ शकते. या रोगावर लस नाही. पण आज 12 आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात, आणि त्या गोळ्या सरकारी कार्यक्रमात मोफत आहेत. म्हणून सीची प्रतिपिंडे सापडलेल्या कामगाराला घरी बसवणे हा निव्वळ अडाणीपणा. त्याला आरएनए तपासणीला पाठवायचे असते.

ड्रेनेज आणि सांडपाण्यात काम करणाऱ्यांनो, तुमचा शत्रू आणखी निराळा. हिपॅटायटिस ए आणि ई हे दूषित पाण्यातून येतात. 1955-56 साली दिल्लीत यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळले आणि सुमारे 29 हजार लोक काविळीने पिवळे पडले. त्या साथीचे जपून ठेवलेले रक्तजल पुढे तपासले गेले, त्यात पुण्याच्या विषाणुशास्त्रज्ञांचा सहभाग होता, आणि 1980 साली जगाला कळले की ती साथ ए किंवा बीची नव्हती. तो कुणी तिसराच होता, ज्याला आज आपण ई म्हणतो. रक्तातील प्रतिपिंडांनी पाव शतकानंतर दिलेली ही साक्ष! पुण्याच्याच राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी 2003 साली दाखवून दिले की सांडपाण्यात काम करणाऱ्यांच्या रक्तात ई विषाणूची प्रतिपिंडे इतरांपेक्षा ठळकपणे अधिक आढळतात. तुमच्या श्रमाने तुमच्या रक्तावर केलेली ही नोंद आहे. ती पाहून कुणाची मान लवली असे ऐकिवात नाही.

एची गोष्ट तर अधिकच कडवट. त्याची आयजीजी प्रतिपिंडे जन्मभर रक्षण करतात आणि आपल्या वस्त्यांतील बहुतेक प्रौढांच्या रक्तात ती असतात. सुखवस्तू घरातले मूल ती लशीने मिळवते; वस्तीतल्या मुलाने ती गढूळ नळाच्या पाण्याची किंमत मोजून मिळवलेली असते. ई मात्र गर्भवती स्त्रीला फार छळतो. शेवटच्या तिमाहीत झालेला ईचा आजार पाचातल्या एकीचा जीव घेऊ शकतो. चेंबरमधून आलेला कामगार हातपाय न धुता घरात शिरतो, कारण कामाच्या ठिकाणी त्याला साबण आणि पाणी मिळत नाही. त्याची शिक्षा त्याच्या घरातील कुणी का भोगायची?

मातांनो, हिपॅटायटिस बी तुमच्याही दारात आहे. लहान बाळाला जन्मावेळी लागण झाली तर 90 टक्के बाळांत ती जुनाट होते. प्रौढाला झाली तर पाच टक्क्यांहून कमी जणांत. म्हणजे एकच विषाणू, पण बाळाच्या बाबतीत तो आयुष्यभराचा भाडेकरू. गरोदरपणी एचबीएसएजी तपासून घ्या आणि जन्मल्यापासून 24 तासांच्या आत बाळाला पहिली लस मिळालीच पाहिजे. आई बाधित असेल तर सोबत एचबीआयजीही. रविवार आहे, सुट्टी आहे, लस उद्या देऊ, असे म्हणणाऱ्याला घड्याळ दाखवा.

ज्यांच्या अहवालात पहिली ओळ उमटली आहे, त्यांच्याविषयी स्वतंत्र बोलायलाच हवे. बाधित कामगाराचा डबा वेगळा ठेवला जातो, पाण्याचा ग्लास वेगळा, आणि शेवटी त्याची हजेरीच बंद केली जाते. एका ताटात जेवल्याने, हात मिळवल्याने, खोकल्याने हा रोग पसरत नाही. तो रक्तातून, शरीरसंबंधातून आणि आईकडून बाळाकडे जातो. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या ताटाला शिवायला समाज तयार नव्हता, त्यांनी आपल्याच सोबत्याचे ताट वेगळे करावे? याहून मोठी नामुष्की कोणती? बाधित सोबत्याला कामावर ठेवा, उपचाराला पाठवा, घरच्यांना लस टोचून घ्या. त्याला काढून टाकणाऱ्याविरुद्ध त्याच्या बाजूने सारे मिळून उभे राहा.

आपल्या अंगणातली घाणही झाडू या. सुई टोचली की आपण लपवतो. नोकरी जाईल, मुकादम ओरडेल म्हणून बोट दाबून रक्त काढतो, वर स्पिरिट ओततो आणि गप्प बसतो. दाबायचे नाही, वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचे, ताबडतोब कळवायचे, नोंद करवून घ्यायची, ज्याच्या रक्ताची ती सुई होती त्या रुग्णाची तपासणी करवून घ्यायची. असुरक्षित माणसाला लस आणि एचबीआयजी लगेच, शक्यतो 24 तासांत, मिळायला हवे. आठवडा उलटला की एचबीआयजीच्या उपयोगाची खात्री राहत नाही. लपवलेला प्रत्येक तास तुम्ही विषाणूला बहाल करता. कावीळ झाली की माळ घालणाऱ्याकडे आणि चुन्याच्या पाण्यात हात धुऊन पिवळे पाणी दाखवणाऱ्याकडे धावणेही पुरे झाले. ए आणि ई बहुतेकदा काही आठवड्यांत आपोआप बरे होतात आणि श्रेय बुवाच्या झोळीत पडते. बी आणि सी मात्र डोळ्यांचा पिवळेपणा गेला तरी यकृतात मुक्काम करून राहू शकतात. त्यावर दारूचा घोट म्हणजे शत्रूला घरात बोलावून रसद पुरवणे.



हा लढा आपल्या भूमीला नवा नाही. 1897 च्या जानेवारीत वाल्डेमार हाफकिन यांनी भायखळ्याच्या प्रयोगशाळेत प्लेगची लस प्रथम स्वतःच्या शरीरात टोचली. त्याच प्लेगने फेब्रुवारीत गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांना नेले, मार्चमध्ये रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या सावित्रीबाईंना नेले. या दोघांच्या हाती लस नव्हती, प्रतिपिंडे मोजणारी यंत्रे नव्हती. तरी ती माणसे मागे हटली नाहीत. आपल्या हाती सारे आहे आणि आपण मागायलाही कचरतो! 1935 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या महापालिका कामगारांचा संघ उभा केला. 1993 साली पुण्यात कागद वेचणाऱ्या बायाबापड्यांनी कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापली आणि ज्यांना शहर ‘कचरेवाले’ म्हणून हुसकावत होते, ते ओळखपत्र छातीवर लावून उभे राहिले. आणि सफाई कामगारांसाठीच्या लाड-पागे समितीच्या शिफारशीने बापाची नोकरी मुलाला वारसाहक्काने मिळते. बापाच्या नोकरीसोबत बापाचा झाडू आला, बापाचा धोका आला. मुलाच्या दंडात लस कधी येणार?

एकटा कामगार टायटर मागायला गेला तर त्याला हसतील. अख्खी पाळी गेली तर अधीक्षक खुर्ची सरकवतील. संघटनेच्या मागण्यांत वेतन, भविष्यनिर्वाह निधी आणि रजा यांच्याबरोबरीने रक्ताचाही विषय लिहिला गेला पाहिजे: प्रत्येकाची एचबीएसएजी आणि अँटी-एचबीएस तपासणी, अपुऱ्यांचे लसीकरण, कंत्राट बदलले तरी कामगारासोबत जाणारे लसीकरण कार्ड, तिसऱ्या डोसनंतरचा टायटर लेखी, अहवाल मराठीत समजावून सांगण्याची सोय, सुई टोचल्यास रात्रीअपरात्रीही एचबीआयजी कुठे मिळेल याचा फलक प्रत्येक हजेरी चौकीवर. टोचणी दंडातच द्यावी, कमरेत नको, कारण तिथे लशीचा प्रभाव कमी पडतो. हेही त्या मागणीपत्रात लिहा, म्हणजे समोरच्याला कळेल की मागणारा जाणकार आहे.

तुम्ही आजवर दुसऱ्यांच्या रक्ताचे डाग पुसले, एकदा स्वतःच्या रक्ताकडे पाहा. उद्याच्या पाळीला सोबत्यांना हा मजकूर वाचून दाखवा. ज्याला वाचता येते त्याने ज्याला येत नाही त्याच्या अहवालातील तीन ओळी वाचाव्यात. मग एक अर्ज लिहा, पाळीतल्या सगळ्यांच्या सह्या किंवा अंगठे घ्या, 2016 च्या नियमांचा उल्लेख करा आणि तो अधीक्षकांच्या आणि कंत्राटदाराच्या, दोघांच्याही कार्यालयात द्या. पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.